तह, दस्तक आणि जकात : युरोपीय संघ सोडल्यानंतरचा ब्रिटनचा व्यापार

ब्रिटननें युरोपीय संघ ता. ३१ जानेवारी २०२० रोजीं रात्रीं ११ वाजतां सोडला. तथापि व्यापाराच्या दृष्टीनें खरा विच्छेद ता. ३१ डिसेंबर २०२० च्या रात्रीं झाला. मधले अकरा महिने जुनेच नियम चालू होते. या घटनेवर भाषणें व मतपत्रें विपुल झालीं आहेत. संशोधकानें मात्र तहाचें कलम, जकातीचा दर आणि चौकीवर मागितला जाणारा कागद यांवरून काय ठरतें तें पाहावयाचें असतें. संघाबाहेर पडल्यानें ब्रिटनच्या व्यापारास प्रत्यक्ष काय झालें आणि पुढें त्यास वाव कोठें आहे, या दोन प्रश्नांचा विचार त्याच साधनांच्या आधारें येथें कर्तव्य आहे. लंडनच्या विक्रेत्यांकडून जुन्या पोथ्या व दुर्मिळ ग्रंथ मागविणाऱ्या वाचकांस यांतील एक भाग जवळचा वाटेल. त्याचा विस्तार मुद्दाम थोडा अधिक केला आहे.

एक व्यापारी मंडळ सोडण्याचा ब्रिटनचा हा पहिलाच प्रसंग नव्हे. १९३२ सालीं ओटावा येथें झालेल्या करारांनीं साम्राज्यांतील देशांस एकमेकांच्या बाजारांत जकातीची सवलत मिळाली होती. ता. १ जानेवारी १९७३ रोजीं ब्रिटन हा आयर्लंड व डेन्मार्क यांच्यासह युरोपीय आर्थिक समाजांत दाखल झाला, तेव्हां त्या जुन्या व्यवस्थेस उतरती कळा लागली. न्यूझीलंडच्या लोण्यास लंडनचा बाजार एकाएकीं बंद होऊं नये म्हणून प्रवेशाच्या तहास अठरावें पुरवणीपत्र जोडावें लागलें, यावरून त्या बदलाची खोली कळते. १९७५ च्या सार्वमतांत ६७ टक्के लोकांनीं समाजांत राहण्याचा कौल दिला. २३ जून २०१६ च्या सार्वमतांत ५१·९ टक्क्यांनीं बाहेर पडण्याचा दिला. फारकतीची नोटीस ता. २९ मार्च २०१७ रोजीं ब्रसेल्स येथें देण्यांत आली. पूर्वीं १९८५ सालीं ग्रीनलंड बाहेर पडलें होतें, परंतु तें डेन्मार्कच्या राज्याचा एक भाग होतें. पूर्ण सभासद राष्ट्र बाहेर पडल्याचा दाखला हाच पहिला.

नवा व्यापारी तह ता. २४ डिसेंबर २०२० रोजीं, म्हणजे मुदत संपण्यास एक आठवडा उरला असतां, ठरला. १,२०० हून अधिक पृष्ठांचा हा दस्तऐवज किती घाईनें सिद्ध झाला याची खूण त्याच्याच एका परिशिष्टांत आहे. गुन्हेगारांविषयींची माहिती एकमेकांस कळविण्याच्या पद्धतींत ‘नेटस्केप कम्युनिकेटर’ या संगणकावरील टपालाच्या साधनाचा आधुनिक म्हणून उल्लेख आहे. तें साधन कित्येक वर्षांपूर्वींच वापरांतून गेलेलें होतें. संघाच्या २००८ सालच्या एका निर्णयांतील मजकूर जसाच्या तसा येथें उतरला आहे. पोथीचा नकलकार मूळ प्रतींतील मृत शब्दही इमानानें उतरतो, आणि त्यावरूनच आपण पोथीची परंपरा लावतों. येथें तेंच झालें. अर्थात् व्यापाराच्या कलमांस यामुळें बाध येत नाहीं.

त्या कलमांचा गाभा असा कीं, उभय पक्षांच्या मालावर जकात शून्य, आणि मालाच्या प्रमाणावरही मर्यादा नाहीं. हें वाचून अनेकांनीं कांहींच बदललें नाहीं असें मानलें. परंतु माफी आहे ती ब्रिटनमध्यें किंवा संघांत उत्पन्न झालेल्या मालास. येथें आपल्याकडील दस्तकाचा इतिहास आठवावा. १७१७ सालीं फर्रुखसियर बादशहानें ईस्ट इंडिया कंपनीस सालीना ३,००० रुपयांच्या बदल्यांत बंगालमध्यें जकातमाफी दिली. माफी कंपनीच्या मालास होती. कंपनीचे नोकर तेंच दस्तक दाखवून आपला खासगी माल नेऊं लागले, आणि या तंट्यांतून मीर कासीमाशीं १७६३ सालीं युद्ध जुंपलें. जेथें माफी आहे तेथें ती कोणत्या मालास लागू हें सिद्ध करण्याचा कागद आलाच. त्या काळीं प्रश्न माल कोणाचा हा होता, आतां तो माल कोठला हा आहे.

उदाहरणार्थ, भारतांत शिवलेला सदरा इंग्लंडच्या वखारींत उतरून पुढें डब्लिनच्या दुकानांत गेला तर तो ब्रिटिश ठरत नाहीं. २०२० अखेरपर्यंत त्यास एकदांच जकात पडे. त्यानंतर डब्लिनला ती दुसऱ्यांदा पडूं लागली, आणि तयार कपड्यांवरील संघाची जकात १२ टक्क्यांपर्यंत जाते. जकात न भरतां माल सीलबंद स्थितींत पुढें नेण्याची सोय आहे, पण तिचे कागद वेगळे. मांस, मासळी, दूध यांच्या मालास याहून अधिक त्रास : प्रत्येक खेपेबरोबर पशुवैद्याच्या सहीचें आरोग्यपत्र लागतें. शिवछत्रपतींनीं १६७१ सालीं कुडाळच्या सरसुभेदारास बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्याविषयीं लिहिलेलें पत्र वाचकांस परिचित आहे. तेथें अडसर उघड होता, व हेतुही उघड. ब्रिटनच्या प्रकरणांत जकातीचा आंकडा शून्य असूनही अडसर उभा राहिला तो दाखल्यांचा, तपासणीचा आणि वेळाचा.

हा खर्च मालाच्या किमतीवर नसून खेपेवर पडतो. शंभर खोकीं पाठविणारी मोठी पेढी त्यासाठीं एक कारकून ठेवते व विसरते. एक खोकें पाठविणाऱ्या दुकानदाराचा सर्व नफा त्यांत जातो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील अभ्यासकांनीं डिसेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, पूर्वीं संघास माल पाठविणाऱ्या सुमारें १६,४०० ब्रिटिश पेढ्यांनीं ती निर्यात अजीबात सोडली असा हिशेब निघाला. मोठ्या पेढ्यांवर परिणाम अल्प दिसला. प्रस्तुत लेखकाच्या मतें सर्व वादांत हा आंकडा सर्वांत बोलका आहे. विशेष हें कीं, संघानें आपल्या चौक्या १ जानेवारी २०२१ पासूनच चालू केल्या, पण ब्रिटननें आपल्याकडे येणाऱ्या खाद्यमालाची प्रत्यक्ष तपासणी पुनःपुन्हां लांबणीवर टाकून ३० एप्रिल २०२४ पासून सुरू केली. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ ब्रिटिश शेतकऱ्याचा माल अडे आणि परक्याचा सरळ आंत येई.

आयर्लंडचा प्रश्न येथें थोडक्यांतच सांगतां येईल. बेटावरील सरहद्दीवर चौक्या बसविल्यास १९९८ च्या शांतता करारास धोका, म्हणून उत्तर आयर्लंडांत मालाविषयींचे संघाचे नियम ठेवून तपासणी आयरिश समुद्रावर नेण्यांत आली. त्यामुळें एकाच राज्याच्या दोन भागांत चौकी आली. २७ फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर येथील समझोत्यानें उत्तर आयर्लंडांतच राहणाऱ्या मालास हिरवी वाट व पुढें संघांत जाऊं शकणाऱ्या मालास तांबडी वाट अशी विभागणी केली.

आतां हस्तलिखितांचा व्यापार. संघाच्या २००९ सालच्या नियमाप्रमाणें ५० वर्षांहून जुनें, व कर्त्याच्या स्वतःच्या मालकीचें नसलेलें हस्तलिखित संघाच्या हद्दीबाहेर नेण्यास, त्याची किंमत कितीही अल्प असली तरी, निर्यातीचा परवाना लागतो. २०२० अखेरपर्यंत लंडन व पॅरिस हीं दोन्ही नगरें त्या हद्दीच्या आंत होतीं. पॅरिसच्या लिलावांत घेतलेली पोथी लंडनच्या विक्रेत्याकडे जातांना फ्रान्सचे स्वतःचे नियम तेवढे पाळावे लागत. १ जानेवारी २०२१ पासून तीच पोथी हद्द ओलांडते, म्हणून संघाचा परवानाही लागूं लागला. शिवाय आयातकर आला : कलाकृति व शंभर वर्षांवरील जुन्या वस्तु यांवर ब्रिटनमध्यें शिरतांना ५ टक्के, आणि फ्रान्समध्यें शिरतांना ५·५ टक्के. पूर्वीं या दोन देशांदरम्यान असा कर वेशीवर द्यावा लागत नसे. उलट लंडनहून थेट पुण्यास येणाऱ्या पोथीस आतां ब्रिटनचा २००३ सालच्या हुकुमाखालील परवाना पुरतो. संघाचा वेगळा परवाना पाहावा लागत नाहीं. तात्पर्य, लंडनहून थेट येणाऱ्या कागदाचा मार्ग किंचित् सुलभ झाला, आणि युरोपांतून लंडनमार्गें येणाऱ्याचा बिकट.

याहून महत्त्वाची गोष्ट उगमाच्या पुराव्याची. संघानें २०१९ सालीं केलेला सांस्कृतिक वस्तूंच्या आयातीचा नियम ता. २८ जून २०२५ पासून पूर्णपणें अमलांत आला. संघाबाहेर निर्माण झालेलें, २०० वर्षांहून जुनें व १८,००० युरो किंवा अधिक किमतीचें दुर्मिळ हस्तलिखित आंत आणणाऱ्यास, तें मूळ देशांतून कायदेशीर रीतीनें बाहेर पडल्याचें निवेदन सहीनिशीं द्यावें लागतें. उत्खननांत सांपडलेल्या २५० वर्षांहून जुन्या वस्तूंस तर परवानाच लागतो. मोडी रुमालांतील सुटे कागद या किमतीस क्वचित् पोंचतात, पण मोगल व दक्षिणी शैलीच्या सचित्र पोथ्या सहज पोंचतात. लंडनहून पॅरिसला जाणारी अशी पोथी या नियमाच्या कक्षेंत येते. ग्रेट ब्रिटनवर हा नियम बंधनकारक नाहीं. व्यापाऱ्यांस यांत लंडनचा फायदा दिसतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. कागद कोणाच्या दप्तरांतून, कोणत्या सालीं व कोणाच्या हातून बाहेर पडला हें सांगण्याची सक्ती झाली, तर ज्या देशांच्या पोथ्या गेल्या दोन शतकांत निमूटपणें नाहींशा झाल्या त्यांचा लाभच आहे. आणि बेकायदा हलविलेल्या सांस्कृतिक वस्तु सभासद राष्ट्रांनीं परस्परांस परत करण्याची जी खास सोय संघांत आहे, ती ब्रिटननें बाहेर पडतांना गमावली, हीही बाजू हिशेबांत धरली पाहिजे.

एकंदर व्यापाराचें काय ? २०२३ सालीं ब्रिटनच्या एकूण निर्यातीपैकीं सुमारें ४२ टक्के निर्यात संघास गेली व सुमारें ५२ टक्के आयात तेथून आली. याचा अर्थ मुख्य बाजार अद्याप तोच होता. ब्रिटिश अर्थसंकल्पाची स्वतंत्र छाननी करणाऱ्या कार्यालयाचा अंदाज असा कीं, संघांत राहिल्यास जी झाली असती तिच्या मानानें आयात व निर्यात दीर्घ मुदतींत १५ टक्क्यांनीं, आणि देशाची उत्पादकता ४ टक्क्यांनीं कमी राहील. या अंदाजाचें स्वरूप ध्यानांत ठेवावें. ही तुलना न घडलेल्या गोष्टीशीं आहे, आणि तिला समकालीन कागद नसतो. त्यांतच २०२० ची महामारी व २०२२ चें युक्रेनचें युद्ध यांनीं सर्व आंकडे ढवळून टाकले. शिवाय वकिली, हिशेबनिसी, विमा, सल्ला अशा सेवांची निर्यात अपेक्षेहून चांगली टिकली. २०२३ सालीं ती मालाच्या निर्यातीहून मोठी होती, आणि या तहांत सेवांविषयींचीं कलमें तर अगदींच तुटपुंजीं आहेत. तेव्हां सर्वनाश झाला हें म्हणणें खोटें, आणि कांहींच झालें नाहीं हें त्याहून खोटें.

नवे तह करण्याची मोकळीक हा बाहेर पडण्याचा मोठा हेतु होता. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्याशीं झालेले तह ३१ मे २०२३ पासून अमलांत आले. लोण्याचा प्रश्न असा पन्नास वर्षांनीं फिरून जागीं आला. पॅसिफिक महासागराभोंवतींच्या राष्ट्रांच्या मंडळांत ब्रिटन १५ डिसेंबर २०२४ रोजीं दाखल झाला; त्याचा लाभ खुद्द ब्रिटिश सरकारनेंच राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०·०८ टक्के इतकाच धरला होता. भारताशीं २४ जुलै २०२५ रोजीं तहावर सही झाली. त्यांत व्हिस्कीवरील भारताची जकात १५० वरून ७५ व पुढें दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचें ठरलें, आणि भारताच्या जवळजवळ सर्व मालास ब्रिटनची जकात माफ करण्याचें. यापासून ब्रिटनचा अपेक्षित लाभ दीर्घ मुदतींत सालीना ४·८ अब्ज पौंड. भारताच्या कापडास व चामड्यास हा तह मोठा आहे. ब्रिटनच्या एकंदर व्यापाराच्या मानानें लहान. अमेरिकेनें २०२५ सालीं ब्रिटनच्या बहुतेक मालावर १० टक्के व संघाच्या मालावर १५ टक्के जकात ठरविली, हा स्वतंत्र राहण्याचा एक स्पष्ट फायदा म्हटला पाहिजे. तरी डोव्हरची सामुद्रधुनी अरुंद ठिकाणीं सुमारें ३३ किलोमीटर रुंद आहे, आणि ताजी मासळी सकाळीं निघून दुपारीं जेथें पोंचते तो बाजार ऑकलंडचा होऊं शकत नाहीं.

हें उभय पक्षांस कळलें असल्याचें २०२५ मध्यें दिसून आलें. ता. १९ मे रोजीं लंडनच्या लँकेस्टर हाउसमधील बैठकींत खाद्यपदार्थ, प्राणी व वनस्पति यांच्या तपासणीविषयीं समान नियमांचा करार करण्याचें ठरलें. त्यांत संघाचे नियम बदलतील तसे ब्रिटननें स्वीकारावयाचे आहेत, मात्र ते ठरविणाऱ्या सभेंत त्याला मत नाहीं. त्याच बैठकींत ब्रिटिश समुद्रांतील मासेमारीची संघाची वहिवाट ३० जून २०३८ पर्यंत चालू ठेवण्याचें मान्य झालें. मूळ तहाच्या ७७६ व्या कलमान्वयें त्याच्या अंमलाची फेरतपासणी पांच वर्षांनीं व्हावयाची आहे, आणि कोणाही पक्षास बारा महिन्यांची नोटीस देऊन तो तह सोडतां येतो.