संगणकाच्या दारातला पॉलिशवाला

भरदुपारी 'दागिन्यांना पॉलिश करून देतो' म्हणत येणाऱ्या माणसाला आपण आता उंबरा ओलांडू देत नाही. पण तसलाच भामटा संगणकाच्या पडद्यावर आला, की भल्याभल्या घाबरतात.

बनावट अँटीव्हायरस म्हणतात तो हा. एखादी रेसिपी शोधताना पडदा अचानक लाल होतो, भोंगा वाजतो, 'तुमच्या संगणकात व्हायरस सापडले' अशी पाटी झळकते. साफ करायचे तर पैसे भरा, नाहीतर या नंबरवर फोन करा! धंदा जुनाच आहे. 'विनफिक्सर', 'एक्सपी अँटीव्हायरस' अशा नावांनी लोकांना लुबाडणाऱ्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये दावा ठोकला. दहा लाखांवर ग्राहक त्यात फसले होते.

माझ्या वहिनी बचत गटाचा हिशेब लॅपटॉपवर ठेवतात. परवा त्यांचा रडवेला फोन आला, "अगं, सगळा हिशेब जाणार म्हणतोय! दोन हजार भरू का?" मी म्हटलं, "वहिनी, आधी माउसवरचा हात काढा. काही जात नाही."

मैत्रिणींनो, तीन खुणा लक्षात ठेवा. एक, नुसतं उघडलेलं वेबपान तुमच्या संगणकातल्या फाइली तपासूच शकत नाही. ती सरकणारी पट्टी म्हणजे निव्वळ चित्र. दोन, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. तीन, जो अँटीव्हायरस आपण बसवलाच नाही, तो आपल्याला इशारा कसा देईल? विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर मुळातच असतो, तोही फुकट.

मग करायचं काय? त्या चौकटीतलं 'ओके', 'कॅन्सल', फुलीसुद्धा दाबायची नाही. तीही सापळा असू शकते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ब्राउझर निवडून 'एंड टास्क' करा. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर जुनी पानं परत आणू का, असं विचारलं तर नाही म्हणा. वहिनींचं काम एवढ्यावरच भागलं. पाट्या तरीही येत राहिल्या, तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कोणाकोणाला दिलीय ते पाहा आणि अनोळखी नावं काढून टाका.

प्रोग्रॅम संगणकात शिरलाच असेल, तर आधी इंटरनेट बंद करा. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत नुकतंच आलेलं अनोळखी नाव शोधून अनइन्स्टॉल करा. मग डिफेंडरचा 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. त्यात संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, तेव्हा उघडं काम आधी सेव्ह करा. पंधराएक मिनिटं लागतात. तेवढ्यात चहा होतो!

पैसे भरले गेले असतील, तर लाजत बसू नका. लगेच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणं कठीण. पासवर्ड मात्र दुसऱ्या, चांगल्या संगणकावरून बदला.

आणि हिशेबाची एक प्रत दर आठवड्याला पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवा. ती हाताशी असली, की 'सगळं जाणार' म्हणणाऱ्याची भीती वाटत नाही.