मुंब्रा, मीरा रोड की तळोजा? मुंबईकडे बिऱ्हाड हलवण्याआधी हे बघून घ्या

एप्रिलमध्ये शाळांच्या परीक्षा संपल्या की आपल्या घरांत एक विषय हमखास निघतो. कुणाला मुंबईत नोकरी लागलेली असते, कुणाची बदली झालेली असते, कुणाच्या मुलीला तिकडच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा असतो. मग खेड, चिपळूण, लातूर, सोलापूरहून नातेवाइकांना फोन जातात, "भाईजान, आमच्यासाठी पण तिकडे एखादी रूम बघा ना." आणि भाईजान स्वतः जिथे राहतात तिथलीच रूम बघतात. बिऱ्हाड टेम्पोत चढतं, जूनमध्ये मुलं नव्या शाळेत जातात आणि दिवाळीपर्यंत कळतं की जागा चुकली.

नातेवाइकाजवळ राहण्यात वाईट काही नाही. परक्या शहरात रात्री-अपरात्री दार ठोठावायला एक घर असणं ही मोठी गोष्ट आहे. पण भाईजानची नोकरी, त्यांच्या मुलांची वयं आणि त्यांचं घरभाडं वेगळं असतं. त्यांना सोयीची असलेली वस्ती आपल्याला सोयीची असेलच असं नाही. म्हणून या लेखात आम्ही मुंबईच्या आसपासच्या, आपले लोक जास्त विचारतात अशा तीन ठिकाणांचा विचार करणार आहोत. पुणे, औरंगाबाद किंवा दुसऱ्या शहरात जाणाऱ्यांनाही यातल्या बऱ्याच गोष्टी लागू पडतील.

आधी घरातल्या प्रत्येकाचा दिवस लिहा

घर बघायला निघण्याआधी एक कागद घ्या. घरात जितकी माणसं, तितक्या ओळी. प्रत्येकाने सकाळी किती वाजता निघायचं, कुठे पोचायचं आणि किती वाजता परत यायचं ते लिहा. घरातल्या बाईचा दिवसही लिहा: भाजी, दवाखाना, मुलांना शाळेतून आणणं. वयस्कर अब्बांना पाच वेळा मस्जिदीत जायचं असेल तर ते अंतरही लिहा. हा कागद समोर ठेवला की निम्मा निर्णय आपोआप होतो.

मुंब्रा मध्य रेल्वेवर आहे. ठाणे इथून दोनच स्टेशनं, मध्ये फक्त कळवा. ठाण्यात, भांडुप-मुलुंडला किंवा घाटकोपरला काम असेल तर जागा चांगली. अंधेरीला जायचं तर घाटकोपरला उतरून मेट्रो मिळते. पण बहुतेक फास्ट लोकल मुंब्र्याला थांबत नाहीत. सीएसएमटीला जाणाऱ्याने स्लो गाडीत बसावं नाहीतर ठाण्याला गाडी बदलावी, आणि गर्दीच्या वेळी ठाण्याला चढणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी चालत्या लोकलमधून पडले आणि काहींचा जीव गेला. "एक तासाचा तर प्रवास" असं म्हणताना हे लक्षात ठेवायला हवं.

मीरा रोड पश्चिम रेल्वेवर. बोरिवली, मालाड, अंधेरी, वांद्रे या पट्ट्यात नोकरी असेल तर सरळ गाडी आहे. नया नगरसारख्या भागात आपल्या लोकांची जुनी वस्ती आहे. भाडं साधारणपणे मुंब्र्यापेक्षा जास्त पडतं. नोकरी ठाणे किंवा नवी मुंबईत असेल तर मात्र मीरा रोड उलट्या दिशेला पडतो. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोजचे तास जातात.

तळोजा पनवेल महानगरपालिकेत येतं. बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबईची पहिली मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली आणि तळोजाच्या नव्या सेक्टरांना बेलापूर जवळ आलं. बेलापूर, वाशी, उरणकडे काम असणाऱ्यांना हे सोयीचं. पनवेलला कोकण रेल्वेच्या गाड्या थांबतात, मुंबई-गोवा हायवेही तिथूनच. ज्यांचे आईवडील अजून गावी आहेत त्यांना ही बाब छोटी नाही. अब्बांची तब्येत बिघडली तर रात्रीच निघता येतं. पण हार्बरने पनवेलहून सीएसएमटीला पोचायला सव्वा तासाहून जास्त लागतो. शिवाय तळोजात मोठी एमआयडीसी आहे. घरात कुणाला दमा असेल तर तिथे एक संध्याकाळ थांबून हवेचा वास घेऊन या.

आपला मोहल्ला की मिश्र वस्ती?

खरं बोलायचं तर बऱ्याच वेळा हा प्रश्न आपल्यासमोर येतच नाही. फोनवर फ्लॅट रिकामा असतो, भाडं ठरतं, आपण नाव सांगतो आणि मग "अहो, तो कालच गेला." आमच्यापैकी बहुतेकांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलंय. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो कुटुंबं मुंब्र्याकडे आली ती स्वस्त भाड्यासाठी तर खरीच, पण रात्री शांत झोप लागावी म्हणूनही आली. ही भीती खोटी नव्हती, आणि मोहल्ल्याने दिलेला आधारही खोटा नाही. अजान ऐकू येते, हलाल गोश्त कोपऱ्यावर मिळतं, रमजानमध्ये सेहरीला कुणी हसत नाही, मय्यत झाली तर दहा मिनिटांत माणसं जमतात.

पण या आधाराची किंमतही असते आणि ती मोजून मगच द्यावी. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की काही बँका मुस्लिमबहुल भागांना 'निगेटिव्ह' मानून कर्ज द्यायला मागेपुढे बघतात. दाट वस्तीत खेळायला मैदान नसतं, पाणी ठराविक वेळेलाच येतं. आणि मुलाला बारावीपर्यंत दुसऱ्या समाजाचा एकही दोस्त मिळाला नाही, तर कॉलेजात आणि नोकरीत तो बावरतो. उलट मिश्र सोसायटीत राहणाऱ्या मुलाला दोस्त मिळतात, पण मस्जिद लांब असते आणि बकरीदच्या आधी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात.

आम्हाला मधला रस्ता बरा वाटतो. मोहल्ल्याच्या अगदी पोटात घर घेण्याऐवजी त्याच्या कडेला बघा, जिथून जुम्याची मस्जिद दहा-पंधरा मिनिटांवर असेल आणि बिल्डिंगमध्ये वेगवेगळे लोक असतील. मिश्र सोसायटीत घर बघताना नाव पहिल्याच फोनवर सांगा. नकार यायचाच असेल तर फोनवर येऊ दे, निदान फेरी वाचते. आणि ब्रोकरच्या "सोसायटी देत नाही" वर थांबू नका, घरमालकाशी थेट बोला. पुष्कळदा मालकाला अडचण नसते, ब्रोकरनेच आपल्या मनाने ठरवलेलं असतं.

आणखी एक गोष्ट कुणी विचारत नाही: कब्रस्तान. नव्याने वसलेल्या भागात मस्जिद लवकर उभी राहते, कब्रस्तानची जागा मिळायला वर्षं जातात. मय्यत कुठे नेतात, हे तिथल्या जमातीला सरळ विचारा.

शाळा: माध्यम आणि अंतर

गावी मराठी माध्यमात शिकलेला सातवीतला मुलगा मुंब्र्याला येतो. आसपास उर्दू आणि इंग्रजी शाळा भरपूर, मराठी हायस्कूल मात्र शोधावं लागतं. घरचे घाईत इंग्रजीत टाकतात. वर्षभर पोर वर्गात गप्प बसून राहतं आणि आपण म्हणतो, "शहरात आल्यापासून अभ्यासात लक्ष नाही." म्हणून मोठ्या वर्गातल्या मुलाचं माध्यम शक्यतो मोडू नका. घर ठरवण्याआधी त्याची शाळा ठरवा. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, त्यामुळे लहान मुलाला उर्दू किंवा इंग्रजीत घातलं तरी त्याची मराठी सोडू नका. आपल्या मुलांना पुढे सरकारी नोकरीत तीच उपयोगी पडणार आहे.

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनी आरटीईचाही विचार करावा. या कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा राखीव असतात आणि घर ते शाळा अंतर बघितलं जातं. पण अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना ही अट लागू नाही. म्हणजे ज्या मोहल्ल्यात सगळ्या शाळा आपल्याच संस्थांच्या, तिथे आरटीईच्या जागा कमी निघू शकतात. भाड्याने राहत असाल तर पत्त्यासाठी नोंदणी केलेला करार लागतो. साध्या स्टॅम्प पेपरवर भागत नाही.

कागद बघितल्याशिवाय टोकन नको

४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. स्वस्त जागेमागे काय असू शकतं, याचं हे उदाहरण आपल्याच दारातलं आहे.

विकत घेताना निदान एवढं बघा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डवर जमीन कुणाच्या नावावर आहे. महापालिकेचं बांधकाम परवानगीचं पत्र, म्हणजे सीसी. बिल्डिंग पूर्ण असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. नवा प्रकल्प असेल तर महारेराचा नंबर. बिल्डर नोंदणीकृत करार करण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागत असेल तर ते रेरा कायद्यात बसत नाही, थेट नाही म्हणा.

फक्त महारेराचा नंबर बघून मात्र निश्चिंत होऊ नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी पालिकेच्या परवानगीची बनावट कागदं दाखवून महारेराची नोंदणी मिळवली. पुढे हायकोर्टाने त्या पाडायचा हुकूम दिला तेव्हा आत राहणारी कुटुंबं हादरली. त्यांनी आयुष्याची कमाई घातली होती. म्हणून सीसीची प्रत घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जा आणि ती खरी आहे का विचारा. एक दिवसाची रजा पडेल, पण पडू दे. जे कुटुंब व्याजाचं कर्ज टाळून रोखीने घर घेतं त्याने तर दुप्पट सावध राहावं, कारण बँकेचा वकील जे कागद तपासतो ते इथे कुणीच तपासत नाही. आपल्या खिशातून एक वकील करा.

हेवी डिपॉझिटचा सौदा

आपल्या वस्त्यांत ही पद्धत सर्रास आहे. चार-पाच लाख किंवा त्याहून जास्त मालकाला द्यायचे, महिन्याचं भाडं नाही किंवा नावापुरतं, आणि निघताना सगळी रक्कम परत. ऐकायला गोड आहे. पण त्या फ्लॅटवर मालकाने कर्ज काढलं असेल आणि हप्ते थकले असतील तर एक दिवस दारावर बँकेची नोटीस लागते. घर जातं आणि डिपॉझिटसाठी मालकाच्या मागे फिरावं लागतं.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने गावची थोडी जमीन विकून असं डिपॉझिट भरलं. करारात रक्कम कमी दाखवली, कारण ब्रोकर म्हणाला खर्च वाचेल. निघायच्या वेळी मालकाने कागदावरची रक्कम दाखवली. उरलेले पैसे आजपर्यंत आलेले नाहीत. म्हणून पूर्ण रक्कम करारात लिहा, बँकेतून द्या, करार रजिस्टर करा आणि फ्लॅटवर कर्ज नाही याची खात्री करून घ्या. हा सौदा शरियतमध्ये बसतो का, हे आपल्या उलेमांना आधीच विचारून घ्या.

तीन वेळा जा, आणि बाईला घेऊन जा

रविवारी दुपारी प्रत्येक वस्ती चांगली दिसते. एकदा सकाळी साडेसातला जा आणि खरंच लोकल पकडून ऑफिसपर्यंत पोचून बघा. एकदा रात्री नऊनंतर स्टेशनवरून घरापर्यंत या; शेअर रिक्षा मिळते का, रस्त्यावर दिवे आहेत का, मुलगी क्लासहून एकटी येऊ शकेल का ते दिसेल. जमलं तर एकदा पावसात जा, पाणी कुठे तुंबतं ते कुणी सांगायची गरज राहणार नाही.

यातल्या एका फेरीला घरातल्या बाईला सोबत न्या आणि तिला बिल्डिंगमधल्या बायकांशी बोलू द्या. पाणी किती वाजता येतं, टँकरचे पैसे वेगळे पडतात का, लिफ्ट चालते का, आधीच्या भाडेकरूचं लाइट बिल थकलंय का, हे त्या पाच मिनिटांत सांगतात. ब्रोकर महिनाभर सांगणार नाही.

पहिलं वर्ष भाड्याने

आमचं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. गावची जमीन किंवा आईचे दागिने विकून पहिल्याच महिन्यात फ्लॅट घेऊ नका. अकरा महिने भाड्याने राहा. तेवढ्यात एक पावसाळा, एक रमजान आणि शाळेचं एक वर्ष बघून होतं. मग जागा जमली तर तिथेच घ्या, नाही जमली तर टेम्पो पुन्हा बोलवा. भाड्यात गेलेले पैसे वाया गेले असं वाटेल, पण चुकीचा फ्लॅट विकताना जे जातं त्यापुढे ते काहीच नाही.

निघताना शाळा सोडल्याचे दाखले घ्या, रेशन कार्ड बदलून घ्यायला अर्ज द्या, आधारवरचा पत्ता बदला. आणि मतदार यादीत फॉर्म ८ भरून नवा पत्ता नोंदवा. नव्या वस्तीत गटार, पाणी, शाळेसाठी नगरसेवकाच्या दारात उभं राहायचं असेल तर यादीत आपलं नाव असायला हवं.

घर मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारच्या चार दारांवर जाऊन सलाम-नमस्कार करून या. अल्लाह सगळ्यांना चांगलं घर आणि चांगले शेजारी देवो.