हस्तलिखितांची साक्ष
रोमन कॅथलिक उपासनेतील प्राचीन लॅटिन गायनाची, म्हणजे ग्रेगोरियन गायनाची, अधिकृत पुस्तके छापण्याचा तीस वर्षांचा मक्ता रोमने एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील पुस्टेट या प्रकाशनसंस्थेस दिला होता. त्यांतील चाली १६१४-१५ च्या काटछाट केलेल्या आवृत्तीवरून घेतलेल्या होत्या. यावर फ्रान्समधील सोलेम मठाच्या संन्याशांनी १८८९ पासून मूळ हस्तलिखितांची छायाचित्रेच प्रसिद्ध केली. एकाच गीताच्या दोनशेहून अधिक प्रती त्यांनी मांडल्या. देश निराळे, शतके निराळी, चाल मात्र बहुतांशी एक! १९०१ मध्ये मक्ता संपला; १९०८ च्या अधिकृत ग्रंथात जुन्या चाली परतल्या. स्वरांच्या कालमानाविषयी गायक-अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. पण ते पुराव्यानिशी मांडले जातात. परंपरेवरील मक्तेदारी मोडावयाची, तर पुरावा सर्वांपुढे खुला केला पाहिजे.