सावधान, विश्राम, लॉग-इन!

रविवारी सकाळी खारघरच्या सेंट्रल पार्कात वॉकला गेलं की आमच्या सोसायटीतले कर्नल काका हमखास भेटतात. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण चाल अजून परेडचीच. ते गप्पा मारत पुढे, मी धापा टाकत मागे!

परवा मी त्यांना मैत्रिणीची गोष्ट सांगत होते. तिच्या कंपनीचं ऑनलाइन ट्रेनिंग आलं, ते तिने शनिवारी घरी पूर्ण केलं. म्हणजे काय, तर व्हिडिओ म्यूटवर, समोर मेथी निवडायला आणि अधूनमधून ‘नेक्स्ट’. काका खो खो हसले. ‘‘आमच्या वेळी खडकवासल्याला नेक्स्टचं बटण नव्हतं. पहाटे पीटी, मग ड्रिल, मग लेक्चर. झोप आली की मागे जाऊन उभं राहायचं. मी उभ्यानेही झोपायचो!’’

खडकवासला म्हणजे एनडीए. १९५४ च्या डिसेंबरमध्ये अकादमी डेहराडूनहून इथे आली. तीन वर्षं, सहा टर्म. आपण विसरतो, पण घोडेस्वारी आणि फायरिंगच्या जोडीला इथला कॅडेट चक्क जेएनयूची डिग्रीही घेत असतो. मग दमलेल्या मुलांना शिकवायचं कसं? ब्लेंडेड लर्निंग कामाला येईल का?

दोनशे वर्षं जुनी ‘नवी’ आयडिया

ब्लेंडेड लर्निंग म्हणजे सगळं ऑनलाइन नव्हे. जे नुसतं ऐकायचं ते स्क्रीनवर आधी बघून यायचं आणि वर्गात शंका, गणितं, वादविवाद करायचे. गंमत म्हणजे यातली मूळ कल्पना एका मिलिटरी अकादमीतच मुरलेली आहे. सिल्व्हेनस थेअर १८१७ ते १८३३ अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटचे प्रमुख होते. त्यांची पद्धत साधी होती : धडा आदल्या दिवशी स्वतः वाचा, दुसऱ्या दिवशी छोट्या तुकडीत फळ्यापाशी उभे राहून उत्तर सोडवा आणि समजावून सांगा. रोज मार्क! फळ्यापाशी उभ्या माणसाला झोप कशी येणार? आज पुस्तकाच्या जोडीला व्हिडिओ आला, एवढंच.

आपल्याकडे २०२१ मध्ये यूजीसीने ब्लेंडेड लर्निंगचा मसुदा आणला. एखाद्या विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवावा, बाकीचा वर्गात, असं त्यात सुचवलं होतं. कॉलेजला हे ठीक. पण अकादमीत मुलांना मोबाइल देऊन ‘यूट्यूबवर बघा’ म्हणता येत नाही. तिथे लेक्चर्स कॅम्पसच्या आतल्या सर्व्हरवरच हवीत.

धावणं रेकॉर्ड होत नाही

‘‘आणि ड्रिलही स्क्रीनवर?’’ काकांनी भुवया उंचावल्या. नाही, काका! ते होणारच नाही. ३० मे २०२० ला कोविडमुळे १३८व्या कोर्सची पासिंग आउट परेड मैदानावर झालीच नाही. हबीबुल्ला हॉलमध्ये छोटा समारंभ झाला, आईवडिलांशिवाय. काय स्क्रीनवर नेता येत नाही, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

पण पाय मोडून हॉस्पिटलमध्ये पडलेल्या कॅडेटचं काय? त्याचं धावणं बुडतं, ते बुडणारच. कधीकधी त्यापायी एक टर्म मागे जावं लागतं. निदान त्याचं फिजिक्स तरी का बुडावं? ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशिक्षणात अपंगत्व आलेल्या कॅडेट्सच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. १९८५ पासून असे सुमारे ५०० कॅडेट्स लष्करी संस्थांमधून बाहेर पडले, अशी बातमी तेव्हा आली होती. अशा मुलाचा युनिफॉर्म जातो. पण डिग्रीचा काही भाग घरबसल्या पुरा करता आला, तर निदान पुढच्या नोकरीचं दार तरी उघडं राहील. मला ब्लेंडेड लर्निंगचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो.

तास द्या, तास घ्या

काकांचा शेवटचा प्रश्न मात्र थेट लागला. ‘‘व्हिडिओ बघायचे कधी? दिवे मालवल्यावर?’’

खरी मेख इथेच आहे. व्हिडिओ दिला, तर तेवढं लेक्चर टाइमटेबलमधून काढायला हवं. जुनं तसंच ठेवून वर नवं लादलं, तर त्याला ब्लेंडिंग म्हणत नाहीत, ओव्हरटाइम म्हणतात! मग कॅडेट वर्गात झोपायचा तो स्क्रीनसमोर झोपेल, एवढाच फरक.

घरी आल्यावर मैत्रिणीला मेसेज केला : पुढचं ट्रेनिंग आलं की बॉसला आधी विचार, ‘यासाठी ऑफिसचे कोणते दोन तास देताय?’ तिचा रिप्लाय आला : ‘तूच विचार ना!’