मालमोटारीचे मोटारघर : भाराच्या तोलाचे शास्त्र

बैलगाडीत उसाच्या मोळ्या रचणारा गाडीवान भार कोठे ठेवावा याचा विसर क्षणभरही पडू देत नाही. भार मागे अधिक झाला तर गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यांना ताण बसतो. भार पुढे अधिक झाला तर तेच जू बैलांच्या मानेवर दडपण आणते. गाडीवानापाशी तराजू नसतो. परंतु तो जे करतो ते तरफेच्या नियमाला धरूनच असते.

हाच नियम अमेरिकेतील एका विलक्षण हौसेच्या मुळाशी आहे. तेथे स्वतःच्या मोटारीने शर्यतीत उतरणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. १९४४ साली स्थापन झालेली ‘स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था त्यांच्यासाठी शर्यती भरविते. शर्यतीचे मार्ग अनेकदा मोठ्या शहरांपासून दूर असतात. विस्कॉन्सिन राज्यातील एल्कहार्ट लेक या लहानशा गावाजवळचा ‘रोड अमेरिका’ हा मार्ग १९५५ साली सुरू झाला; त्याची एक फेरी सुमारे साडेसहा किलोमीटरांची आहे. शर्यतीसाठीच सिद्ध केलेली मोटार सार्वजनिक रस्त्यावर चालविण्याजोगी बहुधा नसते. ती ट्रेलरवर चढवून शेकडो किलोमीटर ओढीत न्यावी लागते आणि नंतर दोन-तीन दिवस तेथेच मुक्काम करावा लागतो.

या गरजेतून एक युक्ती निघाली. एखादी जुनी, परंतु धडधाकट मालमोटार विकत घ्यावयाची, तिच्या सांगाड्यावर निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेले घर बांधावयाचे आणि त्यामागे ट्रेलर जोडून शर्यतीची मोटार न्यावयाची. अशा वाहनास तिकडे ‘टोटरहोम’ म्हणतात. आपण त्यास मोटारघर म्हणू. ही कल्पना केवळ अमेरिकेची नव्हे. १९५६ व १९५७ अशी सलग दोन वर्षे ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या ‘एकुरी एकोस’ या स्कॉटलंडमधील संघासाठी १९६० च्या सुमारास कॉमर मालमोटारीच्या सांगाड्यावर एक खास वाहन बांधण्यात आले. त्यात तीन मोटारी मावत आणि दुरुस्तीची कार्यशाळाही होती. परंतु ते वाहन अशा कामात मुरलेल्या कारखान्याने बांधले. घराच्या अंगणात, सुटीच्या दिवशी, स्वतःच्या हातांनी मोटारघर बांधणाऱ्याने तोच विचार स्वतः केला पाहिजे. नाही तर सुतारकाम कितीही सुबक असले तरी ते घर रस्त्यावर घातक ठरेल.

पिळवटणारा पाया

जमिनीवरील घराचा पाया हलत नाही. मालमोटारीचा सांगाडा मात्र हलण्यासाठीच घडविलेला असतो. शिडीसारख्या आकाराच्या त्याच्या दोन लांब तुळया खडबडीत रस्त्यावर किंचित पिळल्या जातात आणि त्यामुळेच चारही चाके जमिनीस टेकून राहतात. अशा सांगाड्यावर ताठर घर चोहोबाजूंनी घट्ट आवळून बसविले, तर पीळ घराच्या भिंतींत शिरतो. प्रथम खिडक्यांच्या कोपऱ्यांशी चिरा पडतात, मग सांध्यांतून पावसाचे पाणी झिरपू लागते. यावर उपाय म्हणून जाणते कारागीर घर तीन ठिकाणी टेकवितात किंवा काही आधारांखाली स्प्रिंगा घालतात. तीन पायांची तिवई उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही, हे आपण पाहतोच. तेच तत्त्व येथे उपयोगी पडते.

ट्रेलरचा तोल

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. एकाच आसाचा, म्हणजे दोन चाकांचा ट्रेलर ही वास्तविक एक तरफच होय. आस हा तिचा टेकू, आणि पुढचे टोक मोटारघराच्या जोडावर टेकलेले. अमेरिकेतील प्रघात असा आहे, की भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार जोडावर पडावा. त्याहून पुष्कळ कमी पडला, तर ट्रेलर उलार होण्याच्या मार्गावर असतो.

असे का व्हावे? बाण पाहा. त्याचे वजन टोकाशी आणि पिसे मागे असतात. म्हणून तो किंचित वाकडा झाला तरी हवा पिसांना ढकलते आणि बाण पुन्हा सरळ होतो. ट्रेलरची चाके म्हणजे त्याची पिसे होत. गुरुत्वमध्य चाकांच्या पुढे पुरेसा असेल, तर वाऱ्याच्या झोताने वा खड्ड्याने बसलेला हिसका चाकांच्या घर्षणाने शमतो. गुरुत्वमध्य मागे सरकला, की प्रत्येक हेलकावा अधिक काळ टिकतो. अशा प्रत्येक जोडगोळीचा एक निर्णायक वेग असतो. त्याच्या आत हेलकावे शमतात. त्याच्या पलीकडे ते वाढत जातात. काही क्षणांतच ट्रेलर पुढील वाहनालाही हिसके देऊ लागतो, आणि शेवटी दोन्ही उलटण्याचा प्रसंग येतो. चालकास आदल्या क्षणापर्यंत सारे सुरळीत वाटत असते, हेच यातील भय.

एक उदाहरण घेऊ. पोर्शे ९११ या मोटारीचे इंजिन मागील आसाच्याही मागे असते. तिच्या आरंभीच्या नमुन्याचे वजन सुमारे १,१०० किलोग्रॅम आणि पुढील व मागील चाकांमधील अंतर सुमारे २.२ मीटर होते. वजनापैकी जवळजवळ साठ टक्के मागील चाकांवर पडत असे. म्हणजे तिचा गुरुत्वमध्य चाकांमधील मध्यबिंदूपासून सुमारे २२ सेंटिमीटर मागे असे. ही मोटार ८०० किलोग्रॅमच्या ट्रेलरवर शेपटीकडून चढविली आणि जोडावर २४० किलोग्रॅम भार पडला, असे समजू. एकूण १,९०० किलोग्रॅमच्या मानाने हा भार साडेबारा टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे योग्य आहे. आता तीच मोटार तोंडाकडून चढविली आणि चाके अगदी त्याच खुणांवर उभी केली, तर गुरुत्वमध्य ४४ सेंटिमीटर मागे जाईल. जोडापासून आसापर्यंतचे अंतर ४ मीटर धरले तर जोडावरील भार १,१०० × ०.४४ ÷ ४, म्हणजे १२१ किलोग्रॅमने घटेल. उरेल तो केवळ ११९ किलोग्रॅम, म्हणजे सहा टक्क्यांच्या जवळपास. एक किलोग्रॅमही कमीअधिक झाला नाही; केवळ मोटारीचे तोंड फिरले आणि सुरक्षित ट्रेलर धोक्याचा झाला. अशा वेळी मोटार ट्रेलरवर आणखी पुढे उभी केली पाहिजे.

हेलकावे सुरू झालेच, तर सुकाणू उलटसुलट फिरवून ते थांबत नाहीत, उलट वाढतात. सुकाणू सरळ धरावे, इंधनाच्या खटक्यावरील पाय हळूच काढावा आणि चालकाजवळील कळीने एकट्या ट्रेलरचे ब्रेक लावावेत. त्यामुळे ट्रेलर मागे ओढला जातो आणि ताणलेल्या दोरीप्रमाणे सरळ होतो.

मागे लांबलेले घर

जोडावरील २४० किलोग्रॅम मोटारघराने सोसावयाचे असतात. परंतु मागील आसावर पडणारा भार तेवढाच नसतो. जोड मागील आसाच्या २ मीटर मागे आणि मोटारघराच्या दोन आसांतील अंतर ५ मीटर असेल, तर तरफेच्या नियमाने मागील आसावर २४० × ७ ÷ ५, म्हणजे ३३६ किलोग्रॅम अधिक भार येतो. आणि पुढील आसावरून ९६ किलोग्रॅम उचलले जातात. पुढील चाकांनीच वाहन वळते. ती हलकी झाली, की ओल्या रस्त्यावर सुकाणू फिरविले तरी वाहन मनाजोगे वळत नाही. जागा अधिक मिळावी म्हणून घर मागे लांबविण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्या मोहाची किंमत पुढील चाके मोजतात.

म्हणून घरातील जड वस्तूंची जागा सोयीने नव्हे, तोलाने ठरवावयाची. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलोग्रॅम वजन. पाण्याची टाकी दोन आसांच्या मध्ये, शक्य तितकी खाली असावी, आणि तिच्यात आडवे पडदे असावेत. कारण अर्धी भरलेली टाकी प्रत्येक वळणावर आपले वजन एका बाजूस फेकते. विद्युत्घटही असेच खाली असावेत.

वेगाची किंमत

मोटारघर व ट्रेलर मिळून ११ टन भरले असे मानू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना त्यांच्या ठायी असलेली गतिज ऊर्जा इतकी असते, की तिची उष्णता केली तर सुमारे आठ लिटर थंड पाणी उकळीस येईल. वेग ताशी १०० किलोमीटर केला, तर तेवढ्याने सुमारे साडेबारा लिटर पाणी उकळेल. कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. थांबताना ही सारी उष्णता प्रामुख्याने ब्रेकमध्येच निर्माण होते. म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, आणि जोड तुटलाच तर ते आपोआप लागतील अशी योजनाही हवी. लांब घाट उतरताना ब्रेकवर पाय दाबून न ठेवता खालचा गिअर टाकून इंजिनाकडून वेग आवरावा, हे आपल्या घाटांतील मालमोटारचालकही जाणतात.

न दिसणारे धोके

निजावयाच्या खोलीतील हवेचाही विचार केला पाहिजे. स्वयंपाकाचा वायू व पेट्रोलची वाफ दोन्ही हवेपेक्षा जड असतात. त्या जमिनीलगत साचतात. म्हणून वायूच्या नळकांड्याच्या कप्प्यास तळाशीच बाहेर उघडणारे झरोके ठेवतात. वीज निर्माण करणाऱ्या यंत्राच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो झोपेतच प्राण घेतो. म्हणून त्याची सूचना देणारी घंटा निजण्याच्या जागेजवळ हवीच. शर्यतीची मोटार घराच्या पोटात न ठेवता मागे स्वतंत्र ट्रेलरवर ओढण्याचा हा एक मोठा लाभ आहे : पेट्रोल आणि बिछाना यांच्यात मोकळी हवा राहते.

पहिला प्रवास

आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील ५२ व्या कलमान्वये वाहनाच्या मूळ रचनेत मनास येईल तसा फेरबदल करता येत नाही. म्हणून हे वर्णन वाचून कोणी लगेच करवत हाती घेऊ नये. परंतु यातील गणित कोणत्याही शाळेत करून पाहता येईल. एका पट्टीखाली पेन्सिल ठेवून तिचा टेकू करावा आणि एकच नाणे टेकूच्या मागेपुढे सरकवीत पट्टीचे टोक केव्हा उचलले जाते ते पाहावे. ट्रेलरचे सारे रहस्य त्यात आहे.

अमेरिकेतील महामार्गांवर मालमोटारींच्या थांब्यांपाशी मोठे वजनकाटे असतात. त्यांवर प्रत्येक आसाचा भार वेगळा मोजून मिळतो. घराला रंग लागला, पडदे टांगले, टाक्या भरल्या, शर्यतीची मोटार चढली, की जाणत्या माणसाचा पहिला प्रवास शर्यतीच्या मार्गाकडे होत नाही. तो या काट्याकडे होतो. तेथे मिळालेले आकडे तो सांगाड्यावरील धातूच्या पट्टीवर निर्मात्याने कोरलेल्या मर्यादांशी पडताळून पाहतो आणि गरज पडल्यास मोटार वीतभर पुढे घेतो. गाडीवान जूवर हात ठेवून जे अजमावतो, तेच तो काट्यावर मोजतो. मग त्याने खुशाल शर्यतीस जावे.