मानक नगरचे मानक : पालकांची समिती प्राथमिक शाळेला कसा आधार देते

या पाठात आपण प्राथमिक शाळा आणि पालक यांच्यातील औपचारिक नात्याचा विचार करणार आहोत. उदाहरणासाठी लखनौमधील मानक नगर हा परिसर घेतला आहे. लखनौ–कानपूर लोहमार्गावर याच नावाचे स्टेशन आहे. रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संघटना, म्हणजे आरडीएसओ, 1957 मध्ये स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय येथे आहे. रूळ, डबे, इंजिने कशी असावीत याची प्रमाणे ही संस्था ठरवते. मानक म्हणजे प्रमाण, आणि वसाहतीचे नाव त्यावरूनच पडले.

शाळेलाही असे मानक आहेत, हे पालकांना सहसा ठाऊक नसते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 मध्ये संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या शेवटी एक छोटी अनुसूची आहे. पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 साठी 3, 91 ते 120 साठी 4. वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन. मुलांसाठी व मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान, कुंपण, पोषण आहार शिजवायला स्वयंपाकघर. ही यादी दोन पानांत मावते आणि ती समजायला पदवी लागत नाही. पण रुळाचे माप घ्यायला अभियंता असतो, तसे शाळेचे माप रोज कोण घेणार? अधिकारी कधीतरी येतो, मूल मात्र रोज जाते. म्हणून कायद्याने हे काम बऱ्याच अंशी पालकांकडे दिले आहे.

कलम 21 नुसार प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळतात. (अनुदानित व अल्पसंख्याक शाळांत 2012 च्या दुरुस्तीनंतर ही समिती केवळ सल्लागार उरली आहे.) उत्तर प्रदेशात तिला विद्यालय प्रबंध समिती म्हणतात. तिथे 15 सदस्यांपैकी 11 पालक असतात. उरलेल्या चौघांत मुख्याध्यापक, स्थानिक संस्थेचा प्रतिनिधी, लेखपाल म्हणजे आपल्याकडचा तलाठी, आणि आरोग्यसेविका येतात.

मानक नगरसारख्या परिसरात दोन प्रकारच्या शाळा शेजारी नांदतात. रेल्वे कर्मचाऱ्यांची मुले प्रामुख्याने केंद्रीय विद्यालयात किंवा खासगी शाळांत जातात. केंद्रीय विद्यालयाच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष सहसा वरिष्ठ अधिकारी असतो, त्यामुळे कागद हलायला अडचण येत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबांची मुले बेसिक शिक्षा परिषदेच्या प्राथमिक शाळेत जातात. समितीची खरी गरज या दुसऱ्या शाळेला असते आणि समिती चालवणे अवघडही तिथेच असते. बैठक सकाळी अकरा वाजता ठेवली की रोजंदारीवरच्या आईची मजुरी बुडते. मग ती येत नाही, आणि तिच्या नावापुढे नंतर अंगठा उमटवला जातो. पालक उदासीन आहेत, असा शेरा लिहिण्याआधी बैठकीची वेळ काय होती ते विचारावे.

आता समिती प्रत्यक्षात काय करते ते पाहू. समजा, अशा एका शाळेची पटसंख्या 96 आहे आणि शिक्षक 3 आहेत. अनुसूचीप्रमाणे 4 हवेत. पालकांनी तोंडी तक्रार केली तर मुख्याध्यापक म्हणतील, वरून शिक्षक मिळत नाहीत, आणि ते खोटे बोलत नसतील. समितीकडे मात्र एक साधन असते : शाळा विकास आराखडा. केंद्राच्या नमुना नियमांनुसार तो तीन वर्षांचा असतो आणि वर्षवार तीन भागांत मांडला जातो. त्यात इयत्तानिहाय अपेक्षित पट, कमी पडणारे शिक्षक, कमी पडणाऱ्या खोल्या व सुविधा, आणि त्यासाठी लागणारा जादा खर्च एवढेच मांडायचे असते. कलम 22 सांगते की सरकारने आपल्या योजना व अनुदाने याच आराखड्याच्या आधारे ठरवावीत. पालकांच्या निरीक्षणाला कायदेशीर वजन येते ते या कागदामुळे.

याच शाळेचे संयुक्त अनुदान पाहा. समग्र शिक्षा योजनेत 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये मिळतात, म्हणजे आपल्या शाळेत दर मुलामागे सुमारे 260 रुपये. यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. रक्कम लहान आहे. पण 2,500 रुपयांत काय काय घेतले हे अकरा पालकांसमोर वाचून दाखवावे लागणे, ही लहान गोष्ट नाही. पट 101 झाला की हेच अनुदान 50,000 होते. त्यामुळे शाळाबाह्य पाच मुले शोधून आणणाऱ्या पालकांनी शाळेसाठी देणगीदारापेक्षा मोठे काम केलेले असते.

पोषण आहाराचेही तसेच. प्राथमिकच्या मुलाला दररोज 100 ग्रॅम धान्य आणि आहारातून 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. कॅलरी कुणाला मोजता येत नाहीत. पण उत्तर प्रदेशात बुधवारी 150 मिलिलिटर दूध आणि सोमवारी हंगामी फळ ठरलेले आहे. पेल्यात दूध किती आहे हे कोणतीही आई पाहू शकते, आणि दुधात पाणी किती हेही तिला बरोबर कळते.

गणवेशाची गोष्ट जरा वेगळी आहे. तेथे पूर्वी कापड व शिलाईचा व्यवहार समितीमार्फत होई. 2021 पासून पैसे थेट पालकांच्या बँक खात्यात जातात. गणवेश, स्वेटर, दप्तर, बूट-मोजे व लेखनसाहित्य मिळून आता 1,200 रुपये. त्यामुळे शिंप्याशी होणारे संशयास्पद व्यवहार टळले, हे चांगलेच. माझ्या मते मात्र त्यासोबत पालकांना बैठकीला खेचून आणणारे एक ठोस कारणही गेले. जिथे पैसा ठरतो तिथे माणसे येतात, आणि बैठकीत केवळ भाषण असेल तर येत नाहीत.

अमेरिकेत 1897 मध्ये मातांच्या परिषदेपासून सुरू झालेली पालक-शिक्षक संघटना निधी उभारण्यासाठीही ओळखली जाते. त्या पद्धतीत श्रीमंत वस्तीची शाळा आणखी संपन्न होते. आपल्या खासगी विनाअनुदानित शाळांना कलम 21 लागू नाही. महाराष्ट्राने 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याने तिथे पालक-शिक्षक संघ बंधनकारक केला आणि कार्यकारी समितीतील पालक सोडतीने निवडायचे ठरवले. शाळेच्या मर्जीतले चार पालक दरवर्षी तेच राहू नयेत, हा सोडतीमागचा हेतू. तिथे प्रश्न मुख्यतः शुल्काचा असतो, परिषदीय शाळेत तो चौथ्या शिक्षकाचा असतो. दोन्ही ठिकाणी पालकांचे बळ इतिवृत्तात काय लिहिले गेले यावर ठरते. नमुना नियमांप्रमाणे समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा व्हावी आणि इतिवृत्त लोकांना पाहायला खुले असावे. तरीही दाद लागली नाही, तर कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येते.

स्वाध्याय : तुमच्या घराजवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत जा. पटसंख्या व शिक्षकसंख्या विचारून अनुसूचीशी ताडून पाहा. मागील तीन बैठकांची इतिवृत्ते मागा. त्यांत वेळ कोणती लिहिली आहे, किती पालक हजर होते, आणि बोललेल्यांत महिला किती होत्या, याची नोंद करा.