एवढ्या लांब जाऊन कावळा?

खानापूर तालुक्यातल्या जंगलाच्या कडेला तासभर ताटकळून मी तुरेवाल्या सर्पगरुडाचा फोटो काढला आणि ऐटीत घरच्या ग्रुपवर टाकला. बेळगावहून आजीचा लगेच प्रश्न आला, "एवढ्या लांब जाऊन कावळा कशाला काढलास रे?"

चूक आजीची नव्हती. गरुडामागे पांढरं आकाश होतं. कॅमेऱ्याने आकाश सांभाळलं आणि पक्षी काळा करून टाकला.

आम्ही सॉफ्टवेअरवाले, चूक सापडेपर्यंत चैन पडत नाही. शोधल्यावर कळलं, की कॅमेरा उजेडाची सरासरी काढतो आणि जंगलात तिथेच फसतो. पक्ष्यामागे उजळ आकाश असेल, तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ पर्यंत वाढवायचं. उलट पक्षी उन्हाच्या कवडशात आणि मागे गर्द झाडी असेल, तर −०.७ वर आणायचं. नाहीतर पोटावरचे पांढरे ठिपके चुना फासल्यासारखे दिसतात. शांत बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद पुरतो, मोनोपॉड असेल तर १/२५० सुद्धा. त्यासाठी आयएसओ १६०० किंवा ३२०० करावा लागला तरी घाबरू नका. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला फारसा सुधारत नाही. आणि फोटो रॉमध्येच काढा. पानांतून झिरपलेल्या उजेडाची हिरवी झाक घरी बसून घालवता येते. पांढरा फटक पडलेला भाग मात्र परत येत नाही.

मार्चमध्ये सर्पगरुडाचं घरटं दिसलं. मध्ये एकच फांदी आडवी येत होती. सोबतचा मित्र म्हणाला, "छाटूया का? दोन मिनिटांचं काम." मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण ती पानं माझ्या कॅमेऱ्याच्या आड होती, तशीच उन्हाच्या आणि शिकाऱ्यांच्याही आड होती. हा पक्षी बहुधा एकच अंडं घालतो. घाबरून त्याने घरटं सोडलं असतं, तर त्या जोडीची वर्षभराची मेहनत वाया गेली असती. आम्ही फोटो न काढताच मागे फिरलो.

पुढच्या रविवारी घरट्यापासून बऱ्याच लांब, रस्त्यालगतच्या वाळक्या फांदीवर एक सर्पगरुड बसलेला दिसला. सकाळचं तिरपं, कोवळं ऊन थेट तोंडावर आलं होतं. गाडीतूनच चार फोटो काढले.

संध्याकाळी आजीचा फोन आला, "डोळे किती पिवळेधमक रे त्याचे!"

कावळ्याचं नाव या वेळी निघालं नाही.